कोरडे देव

थोरली गेल्या डिसेंबरात ऑफिसच्या कामानं स्पेनला गेली होती. येताना सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली आणि माझ्यासाठी तेलाचा एक पत्र्याचा डबा. ऑलिव्ह ऑईल. "बाबा, तुमचं कोलेस्टेरॉल," एवढंच म्हणाली. तेल्याच्या घरात बाहेरून तेल आणायचं म्हणजे कुंभाराच्या घरी माठ भेट द्यायचा प्रकार, पण पोरीला काय बोलणार.

डबा फोडला तो आईनं. वय त्र्याऐंशी, पण तेल म्हटलं की तिच्या आधी कुणी हात लावायचा नाही. तिनं दोन थेंब तळहातावर घेतले, तळव्यावर तळवा घासला, ऊब आल्यावर नाकाशी नेला. तेल पारखायची ही आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची रीत. मग तिनं जिभेला लावलं, आणि ठसका लागला.

"काय रं हे? गवताचा वास मारतोय. आणि कडू हाय. घशाला लागतंय."

थोरली म्हणाली, चांगल्या तेलाची तीच खूण. ताज्या फळाचं, न तापवता काढलेलं असलं की घशाला असंच चुरचुरतं. आई म्हणाली, "आमच्यात घशाला लागलं तर गिऱ्हाईक डबा परत आणून टाकायचं."

मला त्या तेलापेक्षा तिच्या फोनमधले फोटो जास्त आवडले. दक्षिण स्पेनमध्ये हाएन नावाचा प्रांत आहे. तिथं ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत आणि जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल त्याच एका प्रांतात निघतं, असं ती सांगत होती. आपल्याकडं कागलच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूला ऊस दिसतो तसं तिकडं डोंगरच्या डोंगर नुसती ऑलिव्हची झाडं. तिथल्या एका लहान गावात तिनं एक म्युझियम बघितलं. वरच्या मजल्यावर जुन्या चर्चमधले लाकडी संत, सोनेरी मुलामा झडलेले, आणि चांदीची भांडी. खालच्या मजल्यावर तेलाचा घाणा. एकाच इमारतीत देव आणि तेली. तो फोटो दाखवून ती म्हणाली, "बाबा, आपलं उखळ आठवलं."

आमच्या घाण्याचं उखळ अजून आहे. कोल्हापुरात, शनिवार पेठेतल्या घराच्या पुढच्या अंगणात, अर्धं जमिनीत, आणि सध्या त्यात कोरफड लावली आहे.

घाणा बंद पडला १९७७ च्या पावसाळ्यात, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्यामुळं जे आठवतं ते पक्कं आठवतं. घाण्याचं घर म्हणजे बिनखिडकीची एक अंधारी खोली. मधोमध उखळ, त्यात तिरकी उभी बाभळीची लाट, म्हणजे मुसळासारखं जाड लाकूड, लाटेला जोडलेलं आडवं लाकूड, त्यावर वजनाला दगड, आणि दगडाच्या शेजारी वजनात भर म्हणून मी. बैलाच्या डोळ्यांना झापड. आण्णा सांगायचे, झापड नसली तर बैलाला कळतं की आपण कुठंच चाललो नाही, आणि तो थांबतो. मी त्याच्या मागं बसून दुपारभर फिरायचो. मला झापड नव्हती तरी मला काही कळायचं नाही.

दाणे टाकले की सुरुवातीला नुसता भुगा होतो, तेलाचा पत्ता नसतो. मग आण्णा कोमट पाण्याचा हबका मारायचे. हा हबका किती आणि कधी, यात सगळा धंदा होता. कमी पडला तर तेल सुटत नाही, जास्त झाला तर सगळा लगदा होतो आणि तेल लवकर खवट होतं. नीट पडला की लाटेचा आवाज बदलायचा. कर्रकर्र थांबून एक ओलसर चपचप यायला लागायची. आण्णा बाहेर कट्ट्यावर कुणाशी तरी बोलत बसलेले असले तरी त्या आवाजाला उठून आत यायचे. मग पेंड कडेला घट्ट बसायची आणि मधल्या खळग्यात तेल साचायचं. आमच्या उखळाला खाली भोक नव्हतं. काठीला बांधलेला फडक्याचा बोळा तेलात बुडवायचा आणि भांड्यात पिळायचा, असं करत सगळं तेल उचलायचं. दहा किलो दाण्यातून चार किलोच्या आसपास. बाकीची पेंड म्हशीला.

ऑलिव्हचं गणित वेगळं. तिथं तेल बीमध्ये नसतं, फळाच्या गरात असतं. दगडी चाकाखाली फळ आठळीसकट चिरडतात, तो लगदा गवताच्या गोल चटयांवर पसरतात, चटया एकावर एक रचतात आणि वरून दाबतात. खाली गळतं ते तेल आणि पाणी एकत्र. ते हौदात थांबवायचं, तेल आपोआप वर येतं. एक लिटर तेलाला पाचेक किलो फळ. जुन्या पद्धतीत चाक फिरवायला गाढव किंवा खेचर, आणि त्यालाही झापड. फोटोतल्या चित्रात ती स्पष्ट दिसत होती. आईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "बैल काय, गाढव काय, हुशार जनावर तेल्याच्या उपेगाचं न्हाई."

एक गंमत. आपण तेल म्हणतो ते मुळात तिळाचं. तैल शब्दच तिळावरून आला. आणि इंग्रजीतला ऑईल आला ऑलिव्हवरून. म्हणजे शेंगतेल म्हणताना आपण शेंगेचं तीळ काढतो आणि ऑलिव्ह ऑईल म्हणताना एकच गोष्ट दोनदा सांगतो. बरं, ज्या शेंगदाण्यावर आमच्या घराची तीन पिढ्यांची भाकरी निघाली तो तरी इथला कुठं? दक्षिण अमेरिकेतून आला. हल्ली दुकानादुकानांत 'पारंपरिक लाकडी घाणा शेंगतेल' अशा पाट्या बघतो तेव्हा मला हे सांगायची सुरसुरी येते. सांगत नाही. त्यांची पेंड तरी चांगली असते.

त्या संध्याकाळी आईनं देवघरात दोन पणत्या शेजारी शेजारी लावल्या. एकीत शेंगतेल, एकीत स्पेनचं, चमचा चमचा मोजून. पतसंस्थेत तीस वर्षं आकडेमोड केल्यामुळं मी घड्याळ लावून बसलो. ऑलिव्हची ज्योत जरा बुटकी, पिवळी, काजळी कमी. दोन्ही जवळजवळ बरोबरच शांत झाल्या. आईनं निकाल दिला, "जळतंय की. मग देवाला काय अडचण?"

अडचण कुणालाच नव्हती. थोरलीनं काढलेल्या चांदीच्या भांड्यांच्या फोटोत तीन छोट्या कुप्या होत्या. चर्चमध्ये तीन तेलं असतात. एक आजाऱ्याला लावायचं, एक बाप्तिस्म्याआधीचं, आणि एक सुगंधी, बाळाच्या टाळूला आणि नव्या धर्मगुरूच्या हाताला लावायचं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात बिशप ती मंत्रून देतो. ख्रिस्त या शब्दाचाच मूळ अर्थ 'तेलानं अभिषेक केलेला'. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, जणू लांबच्या नात्यातलं कुणीतरी मोठ्या पदावर असल्याचं आत्ता कळलं.

लांबचं नातं म्हणायला आणखी एक घर आहे. कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, राहायचे. धंदा तेल काढायचा, आणि शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा वार, म्हणून शनिवारी घाणा बंद. गावानं त्यांचं नाव पाडलं शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. आमच्यात सोमवारी बैल जुंपत नसत, महादेवाचं वाहन म्हणून. तेल्याची जात त्याच्या सुट्टीवरून ओळखायची, ही मला फार सोयीची पद्धत वाटते.

शनिवारचं आमच्याकडं वेगळंच होतं. शनिवारी तेल विकत घेऊन घरात आणू नये म्हणतात, आणि मारुतीला, शनीला तेल घालायचं ते शनिवारीच. त्यामुळं शुक्रवारी संध्याकाळी दुकानापुढं रांग. हातात वाट्या, बाटल्या, गडू. पावशेर, अदपाव, काहींना नुसतं 'देवाला' म्हणून दहा पैशाचं. देवाच्या तेलात आण्णा माप कधी काठापर्यंत भरून थांबवत नसत, वरून एक धार जास्त सोडायचे. तेल संपलं, असं त्या घरात कुणी म्हणायचं नाही. "उद्या बघू" म्हणायचं.

आणि तालीम. आमच्या गल्लीच्या तोंडाला तालीम होती, तिचा डबा आमच्याकडून जायचा. आखाड्याच्या मातीत काव, हळद, ताक, लिंबू आणि तेल घालून ती कालवतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. तीच माती पैलवानाच्या अंगाला, तेच तेल मालिशीला, आणि त्याच डब्यातलं थोडं शेंदरात कालवून कोनाड्यातल्या मारुतीला. मारुती, माती आणि माणूस, तिघांचा वास एकच. लहानपणी मला वाटायचं, शेंदूर लावलेला तो मारुती म्हणजे आखाड्यातूनच उठून बसलेला कुणी वस्ताद असणार.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी आई म्हणाली, "तुझं ते टाऊन हॉल दाखीव की एकदा. जन्म गेला, आत गेलो न्हाई." (कोल्हापुरातल्या बायका 'गेलो'च म्हणतात. पुण्याच्या सुनेला हे पचायला दोन वर्षं गेली.) सीपीआर हॉस्पिटलात तपासणी होती, समोरच टाऊन हॉल. आईच्या पिशवीत औषधाची चिठ्ठी, पाण्याची बाटली, आणि येताना मारुतीला घालायला म्हणून खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेलं तेल.

टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ मधली, चार्ल्स मँटनं बांधलेली. टोकदार छपरांची, चर्चसारखी दिसणारी. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर पंचगंगेकाठी जे सापडलं ते ठेवायला १९४६ साली हे संग्रहालय सुरू झालं आणि नंतर या इमारतीत आलं. आत तोफा, नाणी, हत्यारं, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांसारख्या आपल्या चित्रकारांची चित्रं. चित्रांपुढं मी रेंगाळलो. आई मात्र दगडी मूर्तींपाशी गेली आणि काठी टेकून उभी राहिली ती राहिलीच.

बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच, कुणी आजारी असल्यावर बोलतात तशी म्हणाली, "कोरडे ठाक पडल्यात रं."

मी म्हटलं, "अगं, मूर्त्या आहेत त्या. जुन्या."

"मूर्त्याच म्हणतोय मी. बघ की, अंग कसं उललंय. किती दिवस झाले असतील तेल मिळून?"

मी तोवर त्या मूर्तींकडं कधी असं बघितलं नव्हतं. कॉलेजात असताना दोनदा येऊन गेलो होतो, पाट्या वाचल्या होत्या. आता बघितलं तर खरंच, देवळातला देव आणि हा देव यांच्यात फरक दिसतो तो कातडीत. देवळातला काळा दगड चकचकीत, बोट लावलं तर ओशट. त्यावर दिव्याचा उजेड पडला की तो हलतो, म्हणून डोळे जिवंत वाटतात. इथं तोच दगड राखाडी, मऊ धुळीचा, उजेड पिऊन टाकणारा. नाक-डोळे जास्त स्पष्ट दिसतात, हेही खरं. छिन्नीचे घाव मोजता येतात. देवळात इतकं काही दिसत नाही.

आईनं पिशवीत हात घातला. मला पुढचं सगळं दिसलं. पण तिनं रीतसर विचारलं. तिथं बसलेल्या माणसाला म्हणाली, "बाळ, एक बोट लावू का? पायाला फक्त."

तो उठून उभा राहिला. तिशीतला पोरगा असेल. "आजी, हितं चालत न्हाई ओ. तेल दगडात मुरतं, त्यावर धूळ बसती, मग निघत न्हाई."

"निघाय कशाला पायजे?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडंही. त्यानं तिला बसायला आपली खुर्ची दिली.

त्या पोराचं बरोबर होतं, हे मला माहीत आहे. तेल, दूध, दही, पाणी वर्षानुवर्षं ओतलं की दगड झिजतो. अंबाबाईच्या मूर्तीचीच झीज होत होती, म्हणून २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिच्यावर रासायनिक संवर्धन केलं. तेव्हा गावात किती वाद झाला ते आठवत असेल. आई तेव्हा संवर्धनाच्या बाजूची होती. "आईला औषध नको का?" म्हणायची. मग या बिनदेवळाच्या देवांना तेल कशाला? विचारलं तर म्हणाली, "तिला रोज माणसं हाईत. ह्यांना कोण हाय?"

पुढच्या काचेत तो होता, ज्याच्यासाठी मी तिला मुद्दाम आणलं होतं. ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव, काशाचा, वीतभरसुद्धा नाही. दाढी, उघडं अंग, एक हात वर. त्या हातात त्रिशूळ असणार, तो गेला. रोमन साम्राज्यातून इथवर आला, सातवाहनांच्या काळात, साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी. त्याच्याबरोबर हत्तीवर बसलेल्या माणसांची ती प्रसिद्ध काशाची मूर्ती आणि रोमन बनावटीची भांडीही त्याच टेकाडात मिळाली. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षितांनी तिथं रीतसर खोदकाम केलं.

"ह्यो कोण?"

"समुद्राचा देव. ग्रीक लोकांचा."

"म्हंजे वरुण. मग हिकडं काय करालाय?"

"व्यापाऱ्यांबरोबर आला असेल."

"असंल." तिनं काचेला नाक लावलं. "पैलवान दिसतोय. ह्याला तेल कुठलं लावत असतील?"

हा प्रश्न मला पन्नास वर्षांत सुचला नव्हता. म्हणजे मी पोसायडनकडं इतिहास म्हणून बघत होतो आणि ती गिऱ्हाईक म्हणून.

रात्री वाचत बसलो. तेल अर्थातच ऑलिव्हचं. नुसता दिवा नाही. त्यांचे पैलवान आखाड्यात उतरण्याआधी अंगाला ऑलिव्हचं तेल चोपडायचे, वर माती टाकायचे, आणि कुस्ती झाली की स्ट्रिजिल नावाच्या वाकड्या धातूच्या पट्टीनं तो घाम-तेल-मातीचा थर खरवडून काढायचे. ते खरवड औषध म्हणून विकलंही जायचं! आमच्या गल्लीतल्या वस्तादांना हे कळलं असतं तर तालमीचं छप्पर कधीच पक्कं झालं असतं. अथेन्सच्या पॅनअथेनाइक खेळांत जिंकणाऱ्याला गदा नाही, तेल मिळायचं. मातीचा मोठा घडा, एका बाजूला अथेना देवीचं चित्र, दुसऱ्या बाजूला ज्या खेळात जिंकला त्याचं, आणि आत देवीच्या झाडांचं जवळजवळ चाळीस लिटर ऑलिव्ह तेल. असे घडे एकेकाला डझनांनी. रोममध्ये तर तेलाच्या फुटक्या रांजणांची एक टेकडीच आहे, मोंते तेस्ताच्चो, पस्तीसेक मीटर उंच. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले तेव्हा रोमचं कलोझियम बघून आले आणि त्यावरून खासबागचं मैदान उभं राहिलं, ते १९१२ साली. तेलाची टेकडी त्यांनी बघितली का, देव जाणे.

आणि सगळ्यात शेवटी हे सापडलं. पौसानियस नावाचा ग्रीक प्रवासी, दुसऱ्या शतकातला, म्हणजे आपला पोसायडन इकडं आला त्याच सुमाराचा. तो लिहितो, ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळापाशी एक दगड आहे, फार मोठा नाही, त्यावर लोक रोज तेल ओततात आणि सणाला न कातलेली लोकर ठेवतात.

वाचून मी फोन पालथा ठेवला. डोळ्यासमोर आमच्या शेताच्या बांधावरचा म्हसोबा.

घाण्याची लाट गेली त्याचं अजून वाईट वाटतं. दहाबारा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागायला काही लोक आले, आम्ही हौसेनं दिली. बघायला गेलो तर लाटेखाली पाटी, 'उसाचा जुना चरक'. कोल्हापुरात! मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पाटी तीच राहिली. प्रदर्शन संपल्यावर लाट कुठं गेली ते कुणालाच सांगता येईना. उखळ राहिलं कारण ते त्यांना उचललं नाही. घाणा उभा असलेला बघायचा तर कणेरी मठावर जावं लागतं. तिथल्या गावजीवनाच्या म्युझियममध्ये बारा बलुतेदारांचं सगळं गाव उभं केलंय, त्यात तेलीही आहे. बैल इतका हुबेहूब की आई त्याच्याशी बोलली. फक्त तिथून निघताना ती हाताचा वास घेत होती, आणि हाताला कसलाच वास नव्हता.

त्या शनिवारी टाऊन हॉलमधून निघून आम्ही मारुतीला गेलो. तिथं रांग, घंटा, रुईच्या माळा, पायाखाली सगळं निसरडं. आईनं बाटली उपडी केली. अर्धीच. मी विचारलं, उरलेलं?

"असू दे," म्हणाली. "परत जाऊ तवा त्या पोराची खुर्ची करकरत होती, तिला घालू."

स्पेनच्या डब्यात अजून पाव तेल आहे. माझ्या कोलेस्टेरॉलसाठी त्यातलं चार चमचे खर्च झालं असेल. बाकीचं रोज रात्री आईच्या गुडघ्यांना लागतं. लावून झालं की ती तळवे नाकाशी नेते आणि रोज तेच म्हणते, "गवतच हाय, पण मुरतंय चांगलं."